भाषापट्टी नाहीशी झाली तर

संगणकावर मराठी लिहिणाऱ्या माणसाला एक प्रसंग कधी ना कधी गाठतोच. काल सायंकाळपर्यंत सारे सुरळीत चाललेले असते. आज सकाळी यंत्र सुरू करून पाहावे, तो पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी भाषा दाखविणारे ते लहानसे चिन्ह दिसेनासे झालेले असते. 'क'ची कळ दाबावी, तर रोमन अक्षर उमटते. नेमके त्याच दिवशी संस्थेच्या सभेचे इतिवृत्त पाठवायचे असते, किंवा सरकारी कचेरीत द्यावयाच्या अर्जाची मुदत संपत आलेली असते. बेळगावच्या वाचनालयाचा चिटणीस असो, इंदूरच्या मंडळाचा कार्यवाह असो, की बडोद्यात नातवाला मराठी पत्र लिहू पाहणारे आजोबा असोत, सर्वांची अडचण एकच. यंत्र चालू आहे, पण आपली लिपी त्यातून निघून गेली आहे.

अशा वेळी माणूस बहुधा दोहोंपैकी एक मार्ग धरतो. एक तर दिसेल ते बटण दाबीत सुटतो, आणि मूळच्या एका बिघाडात स्वतःच्या हाताने आणखी दोन-तीन बिघाडांची भर घालतो. नाही तर कोणाला तरी बोलावतो, आणि "सगळे पुसून नव्याने घालावे लागेल" हा निकाल ऐकून मुकाट्याने मान डोलावतो. ह्या दुसऱ्या उपायात कधी कधी वर्षानुवर्षांची कागदपत्रेही पुसली जातात. रोग नखाएवढा आणि उपाय हात तोडण्याचा, अशातला हा प्रकार आहे. वास्तविक भाषापट्टीचे दुखणे बहुतेक वेळा अगदी साधे असते आणि घरच्या घरी बरे होते. त्यासाठी फार ज्ञान लागत नाही. क्रम मात्र लागतो.

पट्टीचा पूर्ववृत्तांत

विंडोज ९५ ही कार्यप्रणाली २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आली. पडद्याच्या तळाशी आडवी पसरलेली 'टास्कबार' नावाची पट्टी तिच्याबरोबर घरोघर पोहोचली. डाव्या बाजूला 'स्टार्ट'चे बटण, मध्ये उघड्या खिडक्यांची नावे, उजवीकडे घड्याळ आणि त्याच्या शेजारी बारीक चिन्हे, अशी तिची रचना होती. मराठीला मात्र ह्या घरात हक्काची खोली मिळायला २००० साल उजाडले. त्या वर्षी आलेल्या विंडोज २००० मध्ये मराठी, हिंदी, कोंकणी आणि संस्कृत ह्या देवनागरीतील भाषांची व्यवस्था करण्यात आली, आणि 'मंगल' नावाचा देवनागरी फॉन्ट तिच्याबरोबर देण्यात आला.

पुढे २००१ साली विंडोज एक्सपी आली आणि भाषापट्टी लोकांच्या चांगल्या परिचयाची झाली. ही एक छोटी टूलबार होती. ती टास्कबारमध्ये बसविता येई किंवा पडद्यावर मोकळी ठेवून हवी तिकडे सरकविता येई. तिच्यावर क्लिक केले म्हणजे भाषांची यादी उघडे. २०१२ साली विंडोज ८ आल्यावर ह्या पट्टीच्या जागी घड्याळाशेजारचे दोन-तीन अक्षरांचे चिन्ह आले. इंग्रजीसाठी 'ईएनजी' ही रोमन अक्षरे दिसतात, तेच हे चिन्ह. जुनी पट्टी मात्र पर्याय म्हणून आत ठेवण्यात आली, आणि अनेक घोटाळ्यांचे मूळ ह्या दुहेरी व्यवस्थेतच सापडते.

दिवा, सांधेवाला आणि रूळ

बिघाड ओळखण्यासाठी ह्या चिन्हामागे कोण कोण राबत असते हे समजून घ्यावयास हवे. रेल्वे स्टेशनाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. गाडी कोणत्या मार्गाने जाणार हे सिग्नलचा दिवा सांगतो. मार्ग बदलतो तो सांधेवाला. आणि गाडी प्रत्यक्ष धावते ती रुळांवरून. दिवा विझला म्हणून रूळ उखडले असे कोणी म्हणत नाही. उलट, दिवा झगझगीत जळत असला तरी सांधेवाला जागेवर नसेल तर गाडी वळत नाही.

संगणकातही असेच तीन कामकरी आहेत. कळफलकाचा आराखडा म्हणजे रूळ. कोणती कळ दाबली असता कोणते अक्षर उमटावे ह्याचा तो तक्ता होय. मराठीसाठी विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट पद्धतीचा आराखडा आहे. त्यात स्वर डाव्या हाताखाली आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताखाली येतात. रोमन कळांवरून उच्चाराप्रमाणे लिहिण्याचा 'फोनेटिक' आराखडाही २०१९ पासून विंडोज १० मध्ये मिळू लागला. दुसरा कामकरी सांधेवाल्याचा, म्हणजे एका आराखड्यावरून दुसऱ्यावर नेणारा. त्याचे नाव सीटीएफमॉन. हा छोटा कार्यक्रम पडद्यामागे सतत चालू असतो. तिसरा दिवा लावणारा. टास्कबार आणि तिच्यावरची चिन्हे पडद्यावर रेखाटण्याचे काम 'एक्सप्लोरर' नावाचा कार्यक्रम करतो. फाइलींची कपाटे उघडून दाखविणारा एक्सप्लोरर तो हाच.

तेव्हा चिन्ह दिसत नाही एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दिवा गेला, सांधेवाला गेला की रूळच नाहीत, हा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मिळाल्यावाचून औषध देऊ नये.

पहिली परीक्षा

आरंभी उघडी असलेली सर्व कामे जतन करून घ्यावीत. त्यानंतर एका कागदावर नेमके काय झाले ते लिहावे. चिन्ह केव्हापासून दिसत नाही? त्याच्या आदल्या दिवशी नवा कार्यक्रम घातला होता काय? विंडोजने स्वतःची सुधारणा करून घेतली होती काय? घरातील दुसऱ्या कोणी यंत्र वापरले होते काय? हे टिपण क्षुल्लक वाटते, परंतु अर्धे निदान पुष्कळदा ह्यातच होऊन जाते.

मग 'नोटपॅड' हा साधा लेखनाचा कार्यक्रम उघडावा आणि विंडोजची कळ दाबून धरून लांब पट्टीची स्पेसची कळ दाबावी. विंडोज ८ पासून पुढे ह्या जोडकळीने भाषांची यादी पडद्यावर येते. यादी आली, मराठी निवडता आली आणि देवनागरी अक्षर उमटले, तर रूळही शाबूत आहेत आणि सांधेवालाही जागेवर आहे. केवळ दिवा विझला आहे. तातडीचे काम असेल तर ते खुशाल पुरे करावे. चिन्ह नसले तरी लेखन अडत नाही. यादीच आली नाही, तर सेटिंगमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' ह्या विभागात जाऊन भाषांची नोंद पाहावी. तेथे मराठी नसेल तर रूळच उखडले आहेत. मराठी असूनही यादी येत नसेल तर सांधेवाल्याकडे बोट दाखवावे. आणि घड्याळाचा काटा पुढे सरकत नाही, स्टार्टचे बटण दाबले तरी उघडत नाही, अशी संपूर्ण टास्कबारचीच अवस्था असेल, तर दिवे लावणारा एक्सप्लोररच जागच्या जागी खिळला आहे असे समजावे.

ज्याचा रोग त्याचे औषध

दिवा विझला असेल तर प्रथम सर्वांत सोप्या शक्यता पाहाव्यात. टास्कबार आपोआप लपण्याची सोय चालू झाली असेल, तर माउसचा बाण पडद्याच्या तळाशी नेताच ती वर येते. घड्याळाजवळ वर टोक असलेला लहान बाण असेल, तर त्याच्या मागे काही चिन्हे दडलेली असतात, तीही पाहून घ्यावीत. विंडोज १० मध्ये टास्कबारच्या सेटिंगमध्ये प्रणालीची चिन्हे चालू-बंद करण्याची एक यादी आहे. तिच्यातील 'इनपुट इंडिकेटर' बंद असेल तर तो चालू करावा. इतके करून चिन्ह आले नाही, तर कळफलकाच्या प्रगत सेटिंगमध्ये जावे. तेथे जुनी भाषापट्टी वापरण्याचा एक चौकोन असतो. त्यात खूण केलेली असली की घड्याळाशेजारचे नवे चिन्ह जाते आणि काम जुन्या पट्टीकडे सोपविले जाते. त्या पट्टीला तीन अवस्था असतात. ती पडद्यावर मोकळी राहते, टास्कबारमध्ये बसते किंवा लपलेली राहते. लपलेली ही तिसरी अवस्था निवडली गेली असेल, तर नवे चिन्हही नाही आणि जुनी पट्टीही नाही, असा दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो. खूण काढून टाकली की चिन्ह आपल्या जागी परतते.

रूळ नसतील तर ते बसविणे हाच उपाय. 'टाइम अँड लँग्वेज' मध्ये भाषा जोडण्याचे बटण आहे, त्यातून मराठी निवडावी. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. यंत्रात एकच भाषा आणि एकच आराखडा असेल तर विंडोज भाषेचे चिन्ह सामान्यतः दाखवीतच नाही, कारण निवड करावयाची असेल तरच निवडीचे साधन लागते. म्हणजे ज्याला आपण बिघाड समजतो तो कित्येकदा बिघाडच नसतो. कोणी तरी यादीतून मराठी काढून टाकलेली असते, आणि चिन्ह केवळ त्या रिकाम्या जागेची साक्ष देत असते.

सांधेवाला जागेवर नसेल तर त्याला बोलवावे. ह्या प्रकाराची आणखी एक ओळख आहे. पुष्कळदा अशा वेळी स्टार्टजवळच्या शोधाच्या चौकटीतही काही लिहिता येत नाही. विंडोजची कळ आणि 'आर' ही कळ एकत्र दाबली असता एक लहान चौकट उघडते. तिच्यात सी-टी-एफ-एम-ओ-एन ही सहा अक्षरे रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता, लिहून एंटर दाबावे. कोणतीही खिडकी उघडत नाही, काही घडले असे दिसतही नाही. पण कोपऱ्यात पाहावे, चिन्ह बहुधा परत आलेले असते. यंत्र पुन्हा सुरू करताच ते पुन्हा जात असेल, तर हा कार्यक्रम रोज सकाळी सुरू करणारी व्यवस्थाच बंद पडली आहे. विंडोजच्या 'टास्क शेड्युलर' मध्ये, 'टेक्स्ट सर्व्हिसेस फ्रेमवर्क' ह्या कप्प्यात, 'एमएससीटीएफमॉनिटर' नावाचे एक काम नोंदलेले असते. ते बंद केलेले आढळल्यास चालू करावे. संगणक वेगवान करून देतो असे सांगणारे काही कार्यक्रम पडद्यामागची कामे सरसकट बंद करीत सुटतात. अशा झाडलोटीत हे कामही केरात जाऊ शकते.

एक्सप्लोरर खिळला असेल तर यंत्र बंद करण्याची घाई करू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकत्र दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्याच्या यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' अशी ओळ असते. ती निवडून 'रीस्टार्ट' म्हणावे. क्षणभर टास्कबार नाहीशी होते आणि लगेच नव्याने उभी राहते. फाइलींच्या उघड्या खिडक्या तेवढ्या मिटतात. लेखनाच्या कार्यक्रमात उघडी असलेली कागदपत्रे ह्याने बंद होत नाहीत. पडदा पूर्ण कोरा झाल्यासारखा दिसला तरी भिण्याचे कारण नसते. जुना चित्रकार गेला आणि नव्याने तेच चित्र काढले, एवढाच त्याचा अर्थ.

बिघाडासारखे दिसणारे दोन प्रकार

महाराष्ट्राच्या सीमेबाहेरील मराठी घरांत एक निराळाच प्रकार आढळतो. बेळगावच्या यंत्रात इंग्रजी, कन्नड आणि मराठी, बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू किंवा उर्दू, अशा तीन-तीन, चार-चार भाषा एकत्र नांदत असतात. डावीकडील ऑल्ट आणि शिफ्ट ह्या कळा एकदम दाबल्या गेल्या की विंडोज यादीतील पुढच्या भाषेकडे जाते. भराभर लिहिताना बोट चुकते आणि मराठी वाक्याच्या मधोमध कन्नड अक्षरे अवतरतात. लिहिणारा यंत्राला दोष देतो, परंतु यंत्राने आज्ञेचे पालनच केलेले असते. न लागणारी भाषा यादीतून कमी करणे हाच त्यावरचा उपाय. तसेच, प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवण्याची एक सोय प्रगत सेटिंगमध्ये आहे. ती चालू असली की एका खिडकीत मराठी निवडून दुसरीत जावे, तो तेथे इंग्रजी. ही सोय काहींना वर आणि काहींना शाप वाटते.

दुसरा प्रकार फॉन्टचा. आलेल्या पत्रात मराठीऐवजी रिकामे चौकोन दिसतात किंवा रोमन अक्षरांची अर्थहीन खिचडी दिसते. त्यात भाषापट्टीचा काडीचाही दोष नसतो. चौकोन दिसले तर त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. खिचडी दिसली तर पत्र जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेले आहे. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृती बसविलेल्या असत. फॉन्ट गेला की आकृती गेली आणि मागे उघडे रोमन अक्षर राहिले. युनिकोड ह्या जागतिक मानकाची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. त्यात देवनागरीसाठी १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग राखून ठेवला आहे, आणि त्या पद्धतीने लिहिलेला मजकूर फॉन्ट बदलला तरी मराठीच राहतो. जुन्या पत्रासाठी पट्टीशी झटापट करणे व्यर्थ आहे. तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

एवढे करूनही गुण आला नाही तर

अशा वेळी शोधाची एक जुनी आणि खात्रीची रीत आहे. संशयितांचे दोन गट पाडावेत आणि एक गट बाजूला ठेवून पाहावे. प्रथम यंत्रात एक नवे वापरकर्ता-खाते उघडावे. त्या खात्यात भाषेचे चिन्ह व्यवस्थित दिसले तर विंडोज निरोगी आहे, दोष जुन्या खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. तेथेही दिसले नाही तर दोष सर्व यंत्राचा आहे. मग यंत्राबरोबर आपोआप सुरू होणारे इतर कंपन्यांचे कार्यक्रम बंद ठेवून यंत्र पुन्हा सुरू करावे. चिन्ह परत आले तर अपराधी त्या कार्यक्रमांतच आहे. त्यांपैकी निम्मे चालू करून पुन्हा पाहावे, मग त्या निम्म्यातील निम्मे. सोळा संशयित असले तरी चार फेऱ्यांत एकावर येऊन पोहोचता येते. प्रत्येक फेरीत एकच बदल करावा आणि तो कागदावर नोंदवावा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी सारे पहिल्यापासून करावे लागते.

दरम्यान काम थांबू द्यायचे नसेल, तर विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि 'ओ' ह्या कळा एकत्र दाबाव्यात. पडद्यावर कळफलकाचे चित्र येते. मराठी निवडलेली असेल तर त्याच्या कळांवर देवनागरी अक्षरे दिसतात आणि माउसने एकेक अक्षर टिपता येते. गती मंद असते, पण मुदतीचा अर्ज त्याने निश्चित पुरा होतो.

खरा धोका कोठे आहे

पट्टी गेल्याने होणारे नुकसान थोडे असते. ती परत आणण्याच्या घाईत होणारे नुकसान मात्र फार मोठे असू शकते. हरवलेला सीटीएफमॉन आणून देतो असे सांगणारे कार्यक्रम अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेऊ नयेत. खरा सीटीएफमॉन विंडोजच्या 'सिस्टिम ३२' ह्या कप्प्यात मुळातच असतो. त्याच नावाची फाइल भलत्याच ठिकाणी आढळली तर ती संशयास्पद समजून विषाणूंची तपासणी करावी. पडद्यावर अचानक इशारा झळकला आणि त्यात दूरध्वनीचा क्रमांक दिला असेल, तर तो क्रमांक फिरवू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत दूरध्वनीचा क्रमांक कधीच नसतो, असे त्या कंपनीने स्पष्ट केले आहे. अपरिचिताच्या सांगण्यावरून आपल्या यंत्राचा ताबा दुरून घेऊ देणारा कार्यक्रम बसविणे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देणे होय. अशी फसवणूक झालीच, तर भारतात १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. विंडोज १० वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की तिच्या सर्वसाधारण देखभालीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. म्हणून अशा यंत्रावर अनोळखी कार्यक्रमांना थारा देताना दुप्पट सावधगिरी हवी.

एवढ्याशा चिन्हासाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. इंग्रजीत लिहून मोकळे व्हावे! परंतु येथे प्रश्न केवळ सोयीचा नाही. भारतीय संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेतून अधिकाऱ्यांपुढे मांडण्याचा हक्क दिला आहे. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले, आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद ठेवली. हे हक्क कायद्याच्या पुस्तकात सुरक्षित आहेत. पण अर्ज लिहिणाऱ्याच्या बोटांखाली देवनागरी उमटत नसेल, तर त्या दिवशी त्याच्यापुरता तो हक्क कागदावरच राहतो. आज इंग्रजीत भागले, उद्याही भागते, आणि मग मराठीत लिहिण्याची सवयच सुटते. परप्रांतात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांतून भाषा नाहीशी होते ती अशीच, कोणी हाकलून दिल्याने नव्हे, तर रोजच्या लहानसहान अडचणींनी.

म्हणून ही परीक्षा घरातील एका तरी माणसाने शिकून ठेवावी आणि दुसऱ्याला शिकवावी. जोडकळा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून यंत्राजवळ चिकटवून ठेवाव्यात. चिन्ह पुन्हा कधी गेले, तर प्रथम विंडोज आणि स्पेस दाबून पाहावे. रूळ आणि सांधेवाला जागेवर आहेत असे दिसले, की दिवा सावकाश लावता येतो, आणि गाडी तोवर चालू ठेवता येते.